चेअरमन मला बघायला आले

आमच्या लग्नाच्या वेळी मला कोणी बघायला आलं नव्हतं. मीच गेलो होतो, देवळीला, वडील आणि मामांसोबत. पोहे खाल्ले, मुलीला दोन-तीन निरर्थक प्रश्न विचारले आणि 'कळवतो' असं म्हणून मोठ्या ऐटीत एसटीत बसलो. त्या ऐटीची परतफेड व्हायला बरीच वर्षं लागली, पण झाली. गेल्या गणपतीत तीन माणसं माझ्या वर्ध्याच्या घरी आली, माझ्या सोफ्यावर बसली आणि त्यांनी मला बघितलं.

बायको एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात आहे, पुलगावच्या बाजूला. कापूस येतो, त्याची रुई निघते, सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. ती तिथे हिशेबाच्या टेबलावर लागली होती. मग स्टोअर, मग खरेदी असं करत करत कारखान्याचा कोपरा न् कोपरा तिच्या पायाखालून गेला. जुने मॅनेजर आजारी पडून मुलाकडे पुण्याला गेले, तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये हिला बसवलं आणि कागदावर 'प्रभारी व्यवस्थापक' असं लिहिलं. प्रभारी म्हणजे काय ते नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. डोकेदुखी सगळी तुमची, अखेरचा शब्द आणि सही दुसऱ्याची. दोन हंगाम तिने असे काढले. केबिनच्या दारावरची जुनी पाटी काढली होती, नवी लागली नव्हती. स्क्रूची भोकं तेवढी उरली होती आणि ती रोज त्या भोकांकडे बघत आत जायची.

आता या हंगामाआधी कायमचा मॅनेजर नेमायचं ठरलं. अकोल्याचा एक माणूस मुलाखतीला आला. त्याला कारखाना दाखवायचं काम अर्थातच प्रभारीचं. तिने दाखवला. नंतर ती मुलाखतीतही बसली, कारण कोणत्या यंत्राला काय झालंय हे बाकी कोणाला सांगता येत नव्हतं. त्याला कापसातल्या ओलाव्याबद्दल विचारलं, भावाबद्दल विचारलं, मजुरांबद्दल विचारलं. तो गेल्यावर हिने चेअरमनना सरळ विचारलं, "माही मुलाखत कधी, साहेब?"

चेअरमन सत्तरी ओलांडलेले, स्वभावाने मऊ. ते म्हणाले, "तुमची कायची मुलाखत मॅडम? तुमचं काम तं आमी रोज पाहून राह्यलो. आमी घरीच येतो एकडाव."

हे सगळं तिने मला दारात चपला काढता काढता सांगितलं.

"घरी कायले?" मी विचारलं.

"तुमाले पाहाले."

मी हसलो. ती हसली नाही. आत जाऊन तिने पाण्याचा ग्लास भरला, प्यायली, आणि मग म्हणाली, "खरं सांगून राह्यली मी. साहेबाइच्या मिसेसचा, काकूंचा गुडघा दाखवाले ते सेवाग्रामच्या दवाखान्यात येतीन, अन् तिथून आपल्याकडे. ते तुमाले विचारतीन का तुमाले चालते का. तुमी फक्त हाव म्हणजा. भाषण नाई द्याचं."

मी शाळेत मुख्याध्यापक आहे. भाषण हा माझ्या घरातला शिवीसारखा वापरला जाणारा शब्द आहे. मला प्रार्थनेनंतर पाच मिनिटं बोलायची सवय आहे, ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही असं बायकोचं म्हणणं.

"कारखाना त्याइचा, काम तुहं," मी म्हटलं. "मी कोन हाव म्हणनारा?"

"तुमी माहे मिस्टर. त्याइच्या मनात तेच आहे. एक शब्द तं बोलाचा आहे. मले हे काम पाहिजे."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. इतक्या वर्षांत तिने 'मला पाहिजे' असं मोजक्याच गोष्टींबद्दल म्हटलं होतं. मी मान हलवली.

रविवारी दुपारी ते आले. चेअरमन, त्यांचे धाकटे भाऊ आणि काकू. काकूंच्या हातात एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा होता, तो त्यांनी शेवटपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. काकू स्वतः कंपनीच्या संचालक होत्या, कागदावर. संचालकांच्या बैठका त्यांच्याच दिवाणखान्यात व्हायच्या आणि काकू आतून चहा पाठवायच्या. हे मला बायकोकडून ठाऊक होतं, त्यामुळे त्या बसल्या तेव्हा मी जरा जास्तच अदबीने नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

मंडळींनी गणपतीला हात जोडले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि मग सगळे गप्प बसले. ही शांतता मला ओळखीची होती. देवळीच्या त्या खोलीत अशीच होती. कोणीतरी घसा खाकरायचा आणि आतून मुलगी यायची. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं तर बायको ट्रे घेऊन उभी. ट्रेमध्ये चहा, चिवडा आणि गोरसपाकाची बिस्किटं. साडीचा पदर तिने खांद्यावरून ओढून घेतला होता, कारखान्यात ती असा घेत नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिलाही तीच खोली आठवली आहे.

मी उठून आत गेलो आणि ट्रे धरला. "पाहाले मले आले," मी हळूच म्हटलं. "ट्रे मीच नेतो."

तिला हसू आवरेना. ते हसू घेऊनच ती माझ्या मागून बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. मी सगळ्यांना चहा दिला. धाकट्या भावाला फार अवघडल्यासारखं झालं. त्याने कप घेताना मला 'थँक्यू सर' म्हटलं.

आणि मग बघायचा कार्यक्रम सुरू झाला. चेअरमननी एकेक विचारायला घेतलं, अगदी मायेने.

"सर, सीझनमध्ये मॅडमले यायले उशीर होते. तुमच्या जेवणाचं कसं?"

"भाकर मला येत नाही," मी म्हटलं. "बाकी सगळं येतं."

"घरी कोणी म्हातारं माणूस?"

"आहे. मीच."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ, वर्गात नाही तुम्ही.

"रागबिग येते का, सर? उशीर झाला तं?"

"येतो. उशिराचा नाही येत. फोन केला नाही तर येतो."

हे उत्तर त्यांना पसंत पडलं असावं. त्यांनी भावाकडे पाहून मान डोलावली. मला आतल्या आत तापायला लागलं होतं. अकोल्याच्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं की त्याची बायको रागावते का. त्याच्या घरी चहा प्यायला कोणी अकोल्याला गेलं नव्हतं. आणि माझ्या समोरच्या खुर्चीत जी बाई बसली होती, जिच्या भरवशावर यांच्या दोन हंगामांच्या गाठी वेळेवर गेल्या, तिच्याकडे अजून कोणी मान वळवली नव्हती.

वळवली ती काकूंनी. त्या इतका वेळ लिफाफा धरून गप्प बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "आग लागली तं काय करता वं बाई तुमी?"

चेअरमन म्हणाले, "अवं, हे काय विचारून राह्यली?"

"तिले विचारलं मी."

बायको खुर्चीत पुढे सरकली. मी तिला इतकी वर्षं पाहतो आहे, पण कारखान्यात ती कशी दिसत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"आधी हवेचा पंखा बंद," ती म्हणाली. "जो कापूस ओढते तो. तो चालू राह्यला तं आग पाइपातून दुसऱ्या शेडात जाते. मंग माणसं मोजाची. पाणी त्याच्या मागून. बाया बाहेर निघतात, अन् डबा राह्यला, चपला राह्यल्या म्हणून अर्ध्या परत आत जातात. म्हणून मी डब्याची खोली फाटकाजवळ नेली. अन् आग विझली म्हणून विझली असं नाई, काकू. गाठ आतून धुमसत राहते. ज्या गाठीवर शंका आली ती मैदानात एकटी ठेवाची, अन् रोज हात लावून पाहाची."

धाकटे भाऊ म्हणाले, "डब्याची खोली त्याच्यासाठी हलवली व्हय? मी म्हणो, काऊन हलवली."

काकू हळूहळू मान हलवत होत्या. "मी लग्न होऊन आली त्या साली पुरा कापूस जळलता," त्या म्हणाल्या. "गच्चीवरून पाहत होती मी. सारे माणसं रस्त्यावर उभे राहून एकमेकांवर ओरडत. बायांले कोणी मोजलं नाई. एक बाई कुठं आहे ते सांज होईपर्यंत कोणाले मालूम नाई. घरी निघून गेलती बिचारी भेवून. पण सांजलोक कोणाले मालूम नाई." मग त्यांनी लिफाफा सरळ केला आणि चहाचा राहिलेला घोट घेतला. माझ्या मते मुलाखत तिथे संपली होती. पूर्ण गुणांनी.

पण चेअरमनना जे विचारायचं होतं ते राहिलंच होतं. ते माझ्याकडे वळले. "मंग सर, तुमची काई हरकत नाई ना? तुमी हाव म्हटलं तं आमाले पुढं जाता येते."

मला शब्द माहीत होता. एकच होता. तो जिभेवर तयार ठेवला होता. आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: "साहेब, मला मुख्याध्यापक केलं तेव्हा आमच्या संस्थेचं कोणी हिला विचारायला आलं नव्हतं."

मी आवाज चढवला नव्हता. तरी धाकट्या भावाने कप खाली ठेवला. चेअरमनचा चेहरा पडला, आणि तो पडलेला पाहून मला वाईट वाटलं, कारण हा माणूस वाईट नव्हता.

"सर, मी अपमानानं नाई विचारत," ते म्हणाले. "मागं ऑफिसात एक पोरगी ठेवली होती. हुशार. ऐन सीझनात तिचा नवरा आला अन् हात धरून घेऊन गेला. सारे पाहत राह्यले. मीबी पाहत राह्यलो, काई बोलता नाई आलं मले. रडत गेली पोरगी. तवापासून मी पहले घरी विचारतो. माह्यामुळं कोणाच्या घरात भांडण नको." मग त्यांनी विचारलं, "मंग नाई समजाव का?"

आता मी 'हो' म्हणालो असतो. देवाशपथ म्हणालो असतो. पण त्याआधी बायको बोलली.

"त्याइचा हाव असाच राहते, साहेब. मास्तर हायेत. सरळ उत्तर देतच नाईत." धाकटे हसले. काकूही हसल्या. ती मात्र हसत नव्हती. "पण मले तं कोणी विचारलंच नाई अजून."

"तुमाले काय विचाराचं, मॅडम?"

"हेच. काम पाहिजे का म्हणून."

चेअरमन गोंधळले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग हिच्याकडे. मग खरोखर एखाद्या नव्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "पाहिजे का?"

"पाहिजे," ती म्हणाली. "प्रभारी नको. पक्कं पाहिजे, अन् सही माही पाहिजे."

चेअरमन काठी टेकत उठले. काकूंना उठवलं. दारात चपला घालताना ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "कळवतो, सर." मी देवळीला म्हणालो होतो तसंच.

गाडी वळेपर्यंत आम्ही फाटकात हात हलवत उभे होतो. आत आल्यावर ती कप गोळा करायला लागली. मी मदतीला गेलो तर तिने ट्रे माझ्याकडून काढून घेतला.

"तुमचं बोलणं बरोबर होतं," ती म्हणाली. "एक अक्षर चुकलं नाई. पण बोलले तुमी, अन् भरपाई मले करा लागते. हे समजते का तुमाले?"

समजत होतं. मी माझ्या तत्त्वाने ताठ बसलो होतो आणि टांगणीला लागली होती ती. आणि त्याहून वाईट म्हणजे, चेअरमनने मला महत्त्व दिलं याचा मला राग आलेला होता, तरी मी ते महत्त्व घेऊन त्यावर एक वाक्य ठोकूनच दिलं होतं. मी तिला म्हटलं, "आता तुह्या कामाबद्दल मी त्या लोकांशी एक शब्द बोलनार नाई. चांगला नाई, वाईट नाई. जे असन ते तुह्याशी."

"पाहू," ती म्हणाली.

गणपती उठले आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात आमच्याकडे कोणी चांगलं काम ठरवत नाही आणि ठरलेलं कळवतही नाही. त्यामुळे सगळं थांबलं. ती रोज कारखान्यात जात होती, रोलर उघडून घासून घेत होती, पट्टे बदलून घेत होती, हंगामाची पूर्ण तयारी करत होती. कोणासाठी करते आहे ते तिला माहीत नव्हतं. अकोल्याच्या माणसाने पुलगावात भाड्याच्या घराची चौकशी केली, असं तिला कोणीतरी सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मी शाळेत माझ्या खोलीत होतो. फोन वाजला. चेअरमनचा नंबर.

"सर, नमस्कार. ठरलं बरं का मॅडमचं. म्हटलं पहले तुमाले सांगाव, मंग मॅडमले खोलीत बोलावतो..."

बायको त्या वेळी त्यांच्या खोलीपासून वीस पावलांवर बसलेली असणार. आणि फोन आला होता वर्ध्याला. मला त्यांचं चुकलं असंही वाटेना. बघून गेल्यावर निरोप मुलीला थोडाच देतात. तो बापाला देतात, भावाला देतात. चेअरमन आपल्या रीतीने बरोबरच वागत होते.

"रॉंग नंबर," मी म्हटलं.

"सर, तुमीच ना? आवाज तुमचाच आहे."

"रॉंग नंबर लागला, साहेब. बरोबर नंबर तुमच्याजवळच आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की काय ठरलं ते मी ऐकलंच नव्हतं. 'ठरलं' म्हणजे पक्की झाली, की अकोल्याचा माणूस ठरला आणि हिला समजावून सांगायचं मला सांगणार होते, की आणखी एक हंगाम प्रभारी. फोन उचलून एकदा विचारलं असतं तर मिनिटात कळलं असतं. फोन पुन्हा वाजला. मी तो उलटा ठेवला. त्या दिवशी मी नववीला भूमितीचा तास घेतला आणि फळ्यावर चुकीची आकृती काढली. मुलांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्यावरच रागावलो. मला भीती वाटत होती. माझ्या उद्धटपणामुळे तिचं होत्याचं नव्हतं झालं तर, एवढंच डोक्यात. तिला फोन करायला हात गेला आणि मागे आला. तिने मला केला नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी घटाला पाणी घातलं, दिव्यात तेल घातलं, विनाकारण दोनदा घातलं. तिच्या गाडीचा आवाज आला. ती आत आली, चपला काढल्या, हातपाय धुतले, घटापुढे उभी राहिली. मी दाराला टेकून उभा होतो.

"पक्की झाली मी," ती घटाकडे पाहतच म्हणाली. "सहीसकट."

डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. ती वळली, मला पाहिलं, आणि तिलाही रडू आलं. मग आम्ही दोघं खाली जमिनीवरच बसलो.

तिने सगळं सांगितलं. चेअरमननी शिपाई पाठवला नाही. स्वतः काठी टेकत तिच्या केबिनपर्यंत आले. ती उठायला लागली तर म्हणाले, बसा, आणि स्वतः उभेच राहिले. म्हणाले, मॅडम, हे पहले तुमालेच सांगून राह्यलो, अजून कोणालेच सांगितलं नाई.

"अन् जाता जाता म्हणे, सकाळी माहा एक रॉंग नंबर लागला."

मी घटातल्या मातीकडे पाहत राहिलो.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुमाले सकाळपासून मालूम होतं?"

"नाई," मी म्हटलं. "आत्ता समजलं. तू सांगितलं तवा."